बंद खिडक्या आणि साठ मेंढरं

माझ्या कामाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस पाणी प्यायला उठतो. लग्नकार्यात हे अनेकदा झालं आहे. "तुम्ही काय करता?" असं विचारतात, मी सांगते, "यंत्राच्या आत जो मुख्य प्रोग्रॅम असतो, त्यातली कोणी वापरत नाही अशी कामं शोधून बंद करते," आणि ते म्हणतात, "वा, छान. जेवण झालं का?"

त्यामुळं या अंकासाठी नोकरीतले अनुभव लिहा असं पत्र आलं तेव्हा मी आधी यादी केली. एकोणतीस प्रसंग निघाले. त्यातले सव्वीस वाचताना मला स्वतःलाच जांभई आली, ते खोडले. उरलेल्या तीनपैकी दोन अशा माणसांचे आहेत जी हा अंक विकत घेतात. राहिला एक. तो मेंढरांचा आहे, आणि मेंढरं अंक विकत घेत नाहीत.

मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली. पत्र्याची शेड, आत सात-आठ माणसं, मागं एक लिंबाचं झाड. पाण्याच्या मोटारी आपोआप चालू-बंद करणारे डबे आम्ही बनवायचो. आकार जेवणाच्या तीन पुडाच्या डब्याएवढा, म्हणून नावच डबा पडलं. सुरुवातीला वाळूजच्या कंपन्या ते घ्यायच्या. मग दुष्काळाची वर्षं आली. विहिरी तळाला गेल्या, गावोगाव टँकर फिरू लागले, आणि इकडं शहर मात्र जालना रोडच्या दोन्ही बाजूंना फुगत चाललं. लोक नवा फ्लॅट बघायला गेले की आधी टँकर आत वळतो का ते बघायचे आणि मग स्वयंपाकघर. अशा दिवसांत पाणी कुठं किती आहे हे कळायला हवं, म्हणून आमचे शे-दीडशे डबे सरकारी खात्यानं गावांतल्या पाण्याच्या टाक्यांना बसवले.

दोन वर्षांनी खात्याचं पत्र आलं. टाकीत किती पाणी आहे ते डब्यानं रोज मोबाइलच्या संदेशातून कळवावं. त्यासाठी नवा प्रोग्रॅम डब्यात घालायला हवा होता. आणि डब्यात जागा नव्हती.

इथं थोडं समजावून सांगते. फार नाही, पाणी प्यायला उठू नका.

डब्यात एक छोटा संगणक असतो. आमच्या डब्याची स्मरणशक्ती किती, तर आजच्या मोबाइलनं काढलेले दोन फोटो मावतील एवढी. त्या संगणकात एक मुख्य प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. मी त्याला गाभा म्हणते. गाभा आम्ही लिहीत नाही. जगभरातली मंडळी मिळून तो लिहितात आणि कोणालाही फुकट देतात. फुकट आणि सगळ्यांसाठी असल्यामुळं त्यात सगळ्यांची सोय असते. आपल्याला न लागणारी पण.

आता तहसील कचेरी डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक कामाला एक खिडकी, खिडकीमागं एक कारकून. गिऱ्हाईक येवो न येवो, खिडकी उघडी आहे म्हणून कारकून बसलेला. कारकुनाच्या हाताखाली शिपाई, शिपायासाठी चहावाला. गाभ्यात अशा हजारो खिडक्या असतात. नंतर जोडायचे जे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना मॉड्यूल म्हणतात. ते या खिडक्यांवर येऊन काम करून घेतात. पण आमच्या डब्यात मॉड्यूल होती जेमतेम दहा-बारा. बाकीच्या खिडक्यांवर कोणी कुत्रं फिरकत नव्हतं आणि सगळे कारकून जागा अडवून बसले होते.

उपाय सोपा आहे. कोणती खिडकी कोण वापरतं याची यादी करायची आणि बाकीच्या बंद करायच्या. खिडकी बंद झाली की गाभा नव्यानं बांधताना कारकुनाकडं कोणी येणार नाही हे उघड होतं, आणि तो आपोआप घरी जातो. त्याच्यामागं शिपाई जातो. शिपायामागं चहावाला. एका खिडकीत कधी कधी अर्धी कचेरी रिकामी होते. आमच्या धंद्यात यापेक्षा मोठा आनंद नाही.

यातली खरी मेख यादीत आहे. कार्यालयातली मॉड्यूल तपासायला यंत्र आहे. पण बाहेर कोणाकडं एखादं मॉड्यूल असेल तर ते यंत्राला दिसत नाही. त्याची खिडकी हातानं राखीव यादीत लिहावी लागते. मी यादीची माणूस. मी तीन रकान्यांचा तक्ता छापला: मॉड्यूलचं नाव, लागणारी खिडकी, कारण. सगळ्यांना वाटला आणि शनिवारपर्यंत भरून मागितला.

सगळ्यांनी दिला. रशीदभाई सोडून.

रशीदभाई आमचे डबे बसवणारे. पन्नाशीचे, अंगानं काटक, गावोगावच्या टाक्यांवर माकडासारखे चढायचे. कोणत्या टाकीची कितवी पायरी तुटलेली आहे हे त्यांना तोंडपाठ. कागदाशी मात्र वैर. तक्ता त्यांनी परत दिला तेव्हा त्यावर चहाच्या कपाचं गोल उमटलं होतं आणि मागं एका टँकरवाल्याचा फोन नंबर होता.

"रशीदभाई, हे भरायचं होतं."

"मॅडम, मेरे पास भरने का हैच क्या? मैं डब्बा चढाता, तार जोडता, उतरता. बस."

"म्हणजे तुमचं वेगळं काही मॉड्यूल नाही?"

"वो क्या रहता?"

सरकारी कामाचा अनुभव असलेल्यांना माहीत असेल, अशा वेळी एक शब्द लिहितात. मी तो लिहिला. रशीदभाईंच्या नावापुढं, तिन्ही रकान्यांत, लाल शाईनं: निरंक. आणि खाली रेघ मारली.

खिडक्या बंद केल्या. गाभा एवढा सडपातळ झाला की नवा प्रोग्रॅम आत जाऊन वर चिमूटभर जागा उरली. नलावडे साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना कचोरी दिली. मी त्या यशानं आठवडाभर जमिनीवर नव्हते. घरी स्वयंपाकघराची यादी केली. सहा महिन्यांत न वापरलेलं सगळं बाहेर. सँडविच टोस्टर गेला, इडलीची तिसरी थाळी गेली. नवऱ्यानं फ्रिजवर लावलेली यादी शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "मी कुठल्या रकान्यात आहे?"

"तुमची तपासणी चालू आहे," मी म्हटलं. त्या रात्री भांडी त्यांनी घासली.

नवा गाभा रशीदभाई एकेका गावात जाऊन डब्यांत घालत होते. सगळीकडून संदेश येऊ लागले. पुढच्या सोमवारी खातं हीच आवृत्ती कायम करून मोहोरबंद करणार होतं. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत डब्याला हात लावायचा नाही, असा हुकूम होता.

आणि त्याच्या आधीच्या बुधवारी भागाबाई आली.

साठीची बाई, कपाळावर गोंदण, डोक्यावरचा पदर उन्हानं विटलेला, हातात उंच काठी. काठीच्या वरच्या टोकाला आमच्या कारखान्याचं लेबल चिकटवलेलं. डब्यावरून ते खरवडून काढून, रिकाम्या टँकरच्या केबिनमध्ये बसून ती शहरात आली होती, आणि काठी लोकांच्या नाकासमोर धरून पत्ता विचारत चिकलठाण्यापर्यंत पोचली होती.

"ह्या डब्याची मालकीन कोन हाय?"

सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. एरवी साधा पंखा बंद पडला तरी कोणी जबाबदार नसतं.

"बसा मावशी. काय झालं?"

"बसते. पर तुमचा डबा मुका झालाय."

"संदेश पाठवतोय की रोज. इथं दिसतंय मला."

"तुमाला पाठवीत आसंल. मव्हं काय? आधी मोटर चालू झाली की वरडायचा. आता मोटर चालती आन् डबा गप. माझी मेंढरं माळावर कान टवकारून वाट बघायलेत."

"मावशी, आमचा डबा ओरडत नाही. त्यात ओरडण्याची सोयच नाही."

"व्हय का? मंग दोन वरीस माझी साठ मेंढरं काय सपनात ऐकत व्हती?"

मी फाइल उघडून बघितली. ओरडणे, निरंक.

तिचं म्हणणं पाण्याच्या दोन घोटांनंतर नीट कळलं. बिडकीनच्या पुढं तिचं गाव. टँकर विहिरीत पाणी ओततो आणि मोटर ते टाकीत चढवते. वीज कधी येईल याचा नेम नाही, त्यामुळं मोटर कधी चालेल याचाही नाही. मोटर चालू झाली की पहिली दोन-तीन मिनिटं गढूळ पाणी येतं. ते टाकीत न घेता खालच्या हौदात सोडायचं, आणि हौद जनावरांचा. गावानं ठरवून दिलं होतं की डबा वाजला की आधी मेंढरं. मेंढरं आली नाहीत तर म्हशी. भागाबाईची मेंढरं माळावर चरत असायची. डबा वाजला की हाकायला नको, आपली आपण पळत यायची आणि म्हशींनी शेपूट हलवायच्या आत हौदाला तोंड लावायची.

"आता म्हशी हौदाशीच बसून ऱ्हातेत. माझी मेंढरं येऊस्तोर हौद चाटून कोरडा. आन् मेंढरं हौदापाशी बसवली तर चरायची कवा? गावात कुनी पानी देईना, मानसालाच नाय तर." तिनं काठी आडवी मांडीवर घेतली. "आयतवारपातुर बघते. सोमवारी गोदाकाठाला निघते. बारा मेंढ्या पोटुशा हायेत. त्या चालायच्या नायत एवढं. पर काय करू?"

मी म्हटलं, "मी उद्या येते."

"कागद घेऊन येशील आन् जाशील."

"नाही मावशी."

अर्थात मी कागद घेऊनच गेले.

गुरुवारी रशीदभाईंच्या मागं मोटारसायकलवर बसून मी गावात पोचले. टाकीखाली सात म्हशी पाय दुमडून बसल्या होत्या, लग्नाच्या पंगतीत आधीच जागा धरून बसलेल्या वऱ्हाडासारख्या. भागाबाईनं माळ दाखवला. दूरवर मेंढरं, आणि सगळ्यांची तोंडं टाकीकडं.

मी डब्याचं झाकण उघडलं. आतून एक निळी तार बाहेर निघाली होती. आमच्या नकाशात निळी तार नव्हती. ती भिंतीवरून वर गेली होती आणि तिच्या टोकाला एक काळा भोंगा लटकत होता.

"रशीदभाई, हे काय?"

"वो? वो टेम्पो का हॉर्न है मॅडम. रिव्हर्सवाला. भंगार में से लिया."

"इथं का लावला?"

"अब देखो. मैं उप्पर टाकी पे तार बांधता. नीचे मोटर चालू हुई तो मेरेकू कैसा समझना? एक बार समझा नै, पूरा नहा लिया. तो ये लगाया. मोटर चालू, हॉर्न चालू, रशीद बाजू."

"आणि काम झाल्यावर काढला का नाही?"

"कायकू काढना? अच्छा बजता."

"किती गावांत लावलाय?"

रशीदभाईंनी आभाळाकडं पाहिलं. "सबमेंच."

"आणि हा वाजतो कसा? त्याला प्रोग्रॅम लागतो."

तेव्हा त्यांनी गळ्यातली दोरी बाहेर काढली. दोरीला ताईत होता आणि ताईताशेजारी एक पेन ड्राइव्ह. आमच्याकडून पुण्याला गेलेल्या एका इंजिनियरनं जाता जाता त्यांना छोटं मॉड्यूल लिहून दिलं होतं. प्रत्येक डबा बसवताना रशीदभाई ते आत टाकायचे. ठराविक तालानं वीज सोडणारी गाभ्यातली एक खिडकी त्याला लागायची. ती खिडकी मी बंद केली होती. कारकून घरी, शिपाई घरी. मॉड्यूल खिडकीवर येऊन, पाटी नाही बघून, निमूट परत जात होतं.

"हॉर्न बंद पडल्यावर तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"मैं समझा धूप से मर गया. ग्यारह हॉर्न बदल डाला मॅडम. चिकलठाणा का भंगारवाला पूछने लगा, टेम्पो की फॅक्टरी डाला क्या."

मी त्यांना रागावणार होते. पण निरंक हा शब्द त्यांनी लिहिलेला नव्हता.

खिडकी परत उघडणं एका ओळीचं काम. पण खिडकी उघडली की कारकून येतो, त्याचा शिपाई येतो, चहावाला येतो. उरलेल्या चिमूटभर जागेत ते मावेनात. शुक्रवारी दिवसभर मी गाभ्याचा नकाशा पसरून जागा शोधत होते. इकडून थोडी, तिकडून थोडी. बिनकामाची सगळी खोडून झाली होती. दुपारी चारला मला एक भला मोठा ठोकळा दिसला. त्याचं नाव मला कळेना. उघडला तर सोबत त्याच पुण्याच्या इंजिनियरची टीप होती: साहेबांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

तो फोटो होता. फेटा, भरघोस मिशा, कोटाचं वरचं बटण लावलेलं. नलावडे साहेबांचे वडील. मोटारींचं वाइंडिंग करून त्यांनी हा कारखाना उभा केला होता.

गाभा सुरू होताना पडद्यावर एक चित्र दाखवायची सोय असते. सुरू होऊन झालं की चित्र आपोआप पुसलं जातं आणि जागा मोकळी होते. आमच्या साहेबांनी ते कधीच पुसलं जाऊ नये अशी खास तजवीज करून घेतली होती. आणि आमच्या डब्याला पडदाच नव्हता. एक हिरवा दिवा आणि एक लाल, बस.

मी साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, डब्यातून बाबांना काढावं लागेल."

त्यांनी चष्मा काढला. "बाबांना?"

"बाबांच्या फोटोला."

"कशासाठी?"

"मेंढरांसाठी."

"कदमबाई, दार लावा आणि पुन्हा सांगा. सावकाश."

मी सगळं सांगितलं. टाकी, म्हशी, टेम्पोचा हॉर्न, ताईत. ते ऐकत राहिले. शेवटी मी म्हटलं, "साहेब, तो फोटो कोणाला दिसतच नाही. डब्याला पडदा नाही."

"देव्हाऱ्याचं दार रात्री लावतो आपण. आत देव दिसतो का? पण असतो ना?"

मी गाभ्याचा नकाशा त्यांच्या टेबलावर पसरला आणि त्या ठोकळ्यावर बोट ठेवलं.

"रंगीत आहे का फोटो?" त्यांनी विचारलं.

"रंगीत."

"मग काळा-पांढरा करून बघा."

मी करून बघितला. पुरेना. परत गेले.

"बाजूनं कापा थोडा."

कापला. पुरेना.

"अजून किती लागेल?"

"फेटा गेला तर जमेल असं वाटतं."

"फेटा कापायचा नाही!" साहेब खुर्चीतून उठले. "खालून कापा. कोट गेला तरी चालेल."

कोट गेला. हनुवटी गेली. संध्याकाळी सहाला बाबांचे फक्त फेटा आणि डोळे उरले होते. मी छापून समोर ठेवलं. साहेबांनी कागद हातभर लांब धरून बघितला.

"हे असं..." ते म्हणाले, "कोणीतरी भिंतीवरून चोरून बघतंय असं वाटतंय."

"हो साहेब. आणि अजून थोडी जागा कमीच पडतेय."

त्यांनी कागद उलटा ठेवला. "मेंढरं खरंच येतात? आवाजानं?"

"भागाबाई म्हणते."

"तुम्ही पाहिलं?"

"नाही. मी गेले तेव्हा डबा मुका होता."

"मग ऐका. बाबांना काढा. पण रविवारी मी येणार बघायला. मेंढरं आली नाहीत तर बाबा परत आत आणि मेंढरांचं तुम्ही बघा."

शनिवारी मी फोटो काढला, खिडकी उघडली, गाभा बांधला. कारकून, शिपाई, चहावाला सगळे आत बसले. आणि माझ्या स्वभावाप्रमाणं रशीदभाईंचं मॉड्यूलही एकदा वाचून घेतलं. किती गचाळ लिहिलं होतं! हॉर्न आधी दोनदा वाजायचा, मग अडखळायचा, मग एक लांबडा रडका सूर काढून मधेच तुटायचा. मधला हिशेब चुकला होता. दोषच तो. मी तो काढला. आता एकच सरळ, स्वच्छ, खणखणीत आवाज. वर अठरा ओळींची जागा वाचली. मी त्या अठरा ओळींबद्दल घरी सांगितलं सुद्धा.

रविवारी सकाळी आम्ही तिघं टाकीखाली उभे. साहेब इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. म्हशी आपल्या जागेवर. भागाबाई हौदाच्या कडेला, तिचं बोचकं बांधून शेजारी ठेवलेलं. सरकारी मोहोर दुसऱ्या दिवशी.

दहाच्या सुमारास वीज आली. मोटर घरघरली. आणि हॉर्न वाजला. सरळ, स्वच्छ, खणखणीत.

माळावर साठ माना वर झाल्या. आणि तशाच राहिल्या.

हौदात गढूळ पाणी पडू लागलं. म्हशी उठल्या.

"येईनात," साहेब म्हणाले.

"येतील," मी म्हटलं.

"कदमबाई, बघताहेत नुसती."

भागाबाई माझ्याकडं वळली. "ह्यो कुनाचा आवाज हाय?"

"तुमच्याच डब्याचा, मावशी."

"न्हवं. ह्यो दुसराच कुनी हाय. आमचा आसा नव्हता. आमचा वरडता वरडता ठसकायचा. म्हाताऱ्यावानी."

रशीदभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "मॅडम. आपने उसमें कुछ किया?"

"दोष होता, तो काढला," मी म्हटलं.

"कायकू?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की हा प्रश्न मी आयुष्यात स्वतःला कधीच विचारला नव्हता. म्हशींनी हौद संपवला. मोटर चालूच होती, पण पाणी आता स्वच्छ, टाकीत चाललेलं. गढूळ पाणी पुन्हा हवं तर मोटर बंद करून, गाळ बसू देऊन, परत चालू करायला हवी, आणि वीज तेवढा वेळ टिकायला हवी. भागाबाईनं बोचकं उचलून काखेत धरलं.

"मावशी, अर्धा तास," मी म्हटलं. "बसा."

"तू काय काय काढतीस गं बाई?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

मोटर बंद करून मी मोटारघराच्या उंबऱ्यावर बसले, लॅपटॉप मांडीवर. अठरा ओळी परत घातल्या. दोनदा वाजणं, अडखळणं, रडका सूर, मधेच तुटणं, सगळा गचाळपणा जिथल्या तिथं. जागा पुरली, हाताच्या बोटांवर मोजावी एवढी उरली. साहेब माझ्यावर छत्री धरून उभे होते. रशीदभाई म्हशींना लांब नेत होते आणि त्यांच्याशी दखनीत काहीतरी बोलत होते, जे मी इथं लिहीत नाही.

मोटर चालू केली. हॉर्न वाजला. दोनदा. मग अडखळला. मग तो रडका सूर निघाला आणि मधेच तुटला.

माळावरून धूळ उठली.

साठ मेंढरं असं लिहिणं सोपं आहे. ती उतारावरून सगळी मिळून येतात तेव्हा दिसत नाहीत, फक्त आवाज येतो आणि मग ती तुमच्या गुडघ्यांत असतात. साहेब बाजूला व्हायला विसरले. ते मधोमध उभे, हातात छत्री, आणि चहूबाजूंनी मेंढरं त्यांना घासत हौदाकडं. पांढरा शर्ट कमरेपर्यंत मातकट झाला. माझ्या हातातला तक्ता एका शेळीनं घेतला. मेंढरांत दोन-चार शेळ्या असतातच. तिनं रशीदभाईंचं पान आधी खाल्लं.

पोटुशा मेंढ्या मागून आल्या, डुलत. भागाबाईनं काठीनं पुढच्यांना सरकवून त्यांना जागा केली. मग बोचकं सोडलं, आतली भाकरी काढली आणि तिथंच हौदाच्या कडेवर बसून खाऊ लागली.

साहेबांनी छत्री मिटली. खिशातून मोबाइल काढला, त्यात काहीतरी शोधलं आणि तिच्यापाशी गेले.

"हे माझे वडील," ते म्हणाले. "तुमच्या डब्यात होते कालपर्यंत."

भागाबाईनं घास थांबवला. "डब्यात?"

"हो. जागा लागत होती म्हणून काढलं."

"कुनासाठी?"

"यांच्यासाठी." साहेबांनी मेंढरांकडं हात केला.

भागाबाईनं हात पदराला पुसला, फोन घेतला आणि उन्हात हात आडवा धरून नीट पाहिलं. फेटा, मिशा, वरचं बटण. मग तिनं फोन वळवून पाणी पिणाऱ्या मेंढीच्या तोंडासमोर धरला.

"बघ गं. ह्येंनी उठून जागा दिली तुला."

मेंढीनं ओल्या तोंडानं पडदा चाटला. मागून दुसरी आली, तिनंही पाहिलं. शे-दीडशे डब्यांत एवढी वर्षं बसून बाबांना कोणी बघितलं नव्हतं. साहेब फोन परत मागत नव्हते. भागाबाई एकेका मेंढीला बोलावून दाखवत होती.